गाणं मागे राहिलं

मतदान जिंकूनही माणूस किती हरू शकतो, याचं उदाहरण म्हणून मला अमेरिकन गायिका अनिता ब्रायंट आठवते.

ओक्लाहोमात १९४० साली जन्मलेली ही मुलगी लहानपणापासून चर्चमध्ये गायची. १९५८ साली ती 'मिस ओक्लाहोमा' झाली. १९६० साली तिचं 'पेपर रोझेस' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांत पाचव्या क्रमांकावर पोचलं. पुढे ती भक्तिगीतंही गायली, बॉब होपबरोबर सैनिकांसमोर गायली. १९७३ मध्ये माजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या अंत्यविधीतही तीच गायली. फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसाच्या जाहिरातींनी तर ती घराघरात पोचली.

मग आलं १९७७. मायामी ज्यात येतं त्या डेड काउंटीने जानेवारीत नियम केला, की कुणी समलिंगी आहे म्हणून त्याला नोकरी वा घर नाकारता येणार नाही. अनिताबाईंनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. नाव काय, तर 'आमची मुलं वाचवा'! ७ जूनला सुमारे ६९ टक्के मतांनी तो नियम रद्द झाला.

पण इथूनच उतरण लागली. समलिंगींनी संत्र्याच्या रसावर बहिष्कार घातला. विखुरलेले लोक देशभर एकत्र आले. बाईंचे कार्यक्रम रद्द होऊ लागले, पुढे जाहिरातींचं कामही गेलं. ऑक्टोबरात आयोवामध्ये पत्रकारांसमोर कुणीतरी तिच्या तोंडावर पाय फेकला. (पाय म्हणजे तिकडचा गोड पदार्थ!) १९८० मध्ये तिचा घटस्फोट झाला, तेव्हा ज्या धर्मनिष्ठांसाठी ती लढली त्यांतल्याच अनेकांनी पाठ फिरवली.

एक गोष्ट मात्र मला शिक्षक म्हणून अस्वस्थ करते. या विजयानंतर कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढता यावं असा प्रस्ताव आला. १९७८ मध्ये मतदारांनी तो फेटाळला, हे नशीब. मुलांची काळजी कुणा आईबापाला नसते? म्हणूनच मुलांचं नाव घेऊन भीती घातली की शहाणी माणसंही पुरावा मागत नाहीत. ज्याने इमानाने फळ्यावर गणितं सोडवून दाखवली, त्याने नोकरी का गमवावी, हे मात्र कुणी विचारत नाही.

डेड काउंटीत ते संरक्षण १९९८ साली परत आलं. अनिता ब्रायंट २०२४ च्या डिसेंबरात गेली. आज तिचं नाव निघालं की आधी ती मोहीम आठवते, गाणं नंतर. आवाज गोड होता हो तिचा. त्याचंच वाईट वाटतं. पण ज्यांच्या नोकऱ्या आणि घरं त्या मतदानाने टांगणीला लावली, त्यांचं अधिक वाटतं.