अठ्ठाविसावी दौड

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून ‘रेस’ हा शब्द पूर्वी दबक्या आवाजातच उच्चारला जाई. कोणाचा तरी चुलता त्या नादाने धुळीला मिळालेला असे. मग हाजीअलीवरून जाताना मुलाने महालक्ष्मीच्या मैदानाकडे बोट दाखवले, की वडीलमाणसे हटकून समुद्राकडे पाहू लागत! पण पैसे लावणारा निराळा, घोड्याचा धनी निराळा आणि घोड्याच्या पाठीवर बसणारा तो चिमुकला जॉकी निराळा. त्या तिसऱ्या माणसाची ही कथा आहे. ती घडली विलायतेत; पण तिच्यात आपल्याकडची नावे अशी काही गुंतली आहेत, की ती अगदीच परकी वाटू नये.

गॉर्डन रिचर्ड्‌सचा जन्म 5 मे 1904 रोजी श्रॉपशर परगण्यात झाला. बाप कोळशाच्या खाणीत कामाला, घरात भावंडांचे लेंढार. घरच्या तट्टांवर पोरगा बसायला शिकला तेवढेच त्याचे अश्वविद्येचे शिक्षण. शाळा सुटली, एका कारखान्यात कारकुनी मिळाली. पण खर्डेघाशीत मन रमेना. तबेल्यासाठी उमेदवार पोरे हवीत अशी जाहिरात वाचून त्याने अर्ज ठोकला आणि पंधराव्या वर्षी तो घराबाहेर पडला. घोड्यांना खरारा करणे, लीद काढणे, पहाटे थंडीत फेरफटका देणे, अशी उमेदवारी करता करता 31 मार्च 1921 रोजी लेस्टरच्या मैदानावर त्याने पहिली शर्यत मारली.

1925 साली 118 शर्यती जिंकून तो इंग्लंडचा अव्वल जॉकी ठरला. वय अवघे एकवीस! आणि लगेच पुढच्या वर्षी दैवाने लगाम खेचला. क्षयाचे निदान झाले. त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला सांगायला नको. पण आरोग्यधामात विश्रांती घेऊन तो बरा झाला, आणि 1927 मध्ये परत येऊन पुन्हा पहिला आला. पुढे 1930 चे एक वर्ष फ्रेडी फॉक्सने फक्त एका विजयाने त्याला मागे टाकले, 1941 मध्ये पाय मोडला; हे अपवाद सोडले तर 1953 पर्यंत अव्वल स्थान त्याचेच. एकंदर सव्वीस वेळा!

त्याच्या आधीचा महारथी फ्रेड आर्चर. एका वर्षात 246 विजय हा आर्चरचा 1885 सालचा विक्रम. अंगाने उंच असलेल्या आर्चरला वजन उतरवण्यासाठी उपासमार सोसावी लागे. शरीराची अशी दैना, त्यात पत्नीवियोग. 1886 च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याने स्वतःच आपला अंत करून घेतला. रिचर्ड्‌सला विधात्याने मुळातच बुटका आणि हलका घडवला होता. 1933 मध्ये त्याने 259 शर्यती जिंकून आर्चरला मागे टाकले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने लागोपाठ बारा शर्यती मारल्या. नॉटिंगहॅमला शेवटची, दुसऱ्या दिवशी चेपस्टोला सहाच्या सहा, तिसऱ्या दिवशी तिथेच आणखी पाच! 1947 मध्ये त्याने आपलाच विक्रम मोडून 269 चा आकडा गाठला.

एवढे असूनही एक गोष्ट त्याला हुलकावणी देत होती, एप्सम येथील डर्बी. दीड मैलाची ही शर्यत 1780 पासून चालत आलेली. तीत फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात. म्हणजे एका घोड्याला आयुष्यात एकच संधी. मैदानही चमत्कारिक. आधी चढण, मग वळणावळणाचा उतार. आर्चरने ही शर्यत पाच वेळा जिंकली होती. रिचर्ड्‌सच्या वाट्याला एकही नाही!

1934 मध्ये तो ईस्टन घोड्यावर दुसरा आला. पुढे कोण? विंडसर लॅड, राजपिपळ्याच्या महाराजांचा घोडा, वर चार्ली स्मर्क. 1936 मध्ये आगाखानांच्या ताज अकबरवर तो पुन्हा दुसरा आला. पहिला आला महमूद. तोही आगाखानांचाच, आणि वर पुन्हा स्मर्क! 1947 मध्ये त्याच्याकडे ट्यूडर मिन्स्ट्रेल होता. वसंतातली दोन हजार गिनींची शर्यत या घोड्याने आठ लांबींनी जिंकलेली. डर्बी आता खिशात, असे सारे इंग्लंड धरून चालले होते. पण घोडे पळाले तरी त्यांना दम लागतोच. ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा आला. त्याच्या पुढे तिसरा होता बडोद्याच्या महाराजांचा ‘सयाजीराव’! ज्या नावाने बडोद्यात ग्रंथालये उभी राहिली, ते नाव एप्समच्या फलकावर झळकले.

सत्तावीस वेळा हा माणूस डर्बीत उतरला आणि सत्तावीस वेळा रिकाम्या हाताने परतला. हारल्यावर घोड्यावर, मालकावर वा नशिबावर खापर फोडावे, ही मनुष्यरीत. रिचर्ड्‌सची ख्याती मात्र सचोटीची. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा आडगावच्या मैदानावर किरकोळ शर्यतीसाठी तो तितक्याच ईर्षेने खोगिरावर चढे.

1953 चा जून उजाडला. 2 तारखेला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक. त्या निमित्ताच्या मानकऱ्यांत रिचर्ड्‌सचे नाव होते. ‘सर’ होणारा तो पहिलाच जॉकी. 6 तारखेला डर्बी. राणीचा स्वतःचा घोडा ऑरिओल शर्यतीत होता, आणि तो जिंकावा असे अर्ध्या देशाला वाटत होते. रिचर्ड्‌स होता पिंझा या थोराड घोड्यावर. पिंझाचे धनी सर व्हिक्टर ससून. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचे ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या डेव्हिड ससून यांचे ते पणतू.

शेवटच्या सरळ टप्प्यावर आगाखानांचा शिकमपूर आघाडीवर होता. पिंझाने त्याला गाठले, मागे टाकले. मागून ऑरिओल भरधाव आला. पण अंतर काही तुटेना. चार लांबींनी पिंझा जिंकला! राणीने हरल्याचे दुःख बाजूला सारून त्याला बोलावून घेतले आणि त्याचे अभिनंदन केले. पिंझाची पैदास करणारे फ्रेड डार्लिंग, ज्यांच्या तबेल्याचे घोडे रिचर्ड्‌सने वर्षानुवर्षे दौडवले, ते त्या वेळी मृत्युशय्येवर होते. तीन दिवसांनी त्यांनी प्राण सोडला.

पुढच्याच वर्षी घोडी अंगावर पडून त्याचे कमरेचे हाड मोडले आणि स्वारी संपली. एकूण 21,843 दौडी, 4,870 विजय. हिशेब करून पाहा: जवळजवळ सतरा हजार वेळा हा ‘अजिंक्य’ वीर हरला होता! 10 नोव्हेंबर 1986 रोजी तो वारला. आर्चरच्या मृत्यूला नुकतीच शंभर वर्षे झाली होती.

दिवाळीत आपण वर्षाचा जमाखर्च मांडतो. कोणाची परीक्षा राहिलेली असते, कोणाची बढती, कोणाचे घर. ‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. रिचर्ड्‌सला ते मैदान पार करायला अठ्ठावीस दौडी लागल्या. मधल्या काळात तो रोज पहाटे उठून तबेल्यात जात होता, एवढेच.