मोलमपल्लीचा बाबूराव आणि सदुसष्ट गावं

सत्तावन म्हटलं की आपल्यापुढे काय येतं? मंगल पांडे, काडतुसाची चरबी, नानासाहेब, तात्या टोपे, झाशीची राणी. शाळेत हेच पाठ केलं, पेपरात हेच लिहिलं. पुढे चळवळीत आल्यावर आपल्या पोरांनी त्याला आपलं उत्तर शोधलं : ते पेशवाई परत आणायचं बंड होतं, आपला त्याच्याशी काय संबंध? उत्तर खोटं नाही. नानासाहेबाला गादी पाहिजे होती, पेन्शन पाहिजे होती. त्याच्या स्वातंत्र्यात आपल्या आज्या-पणज्याच्या गळ्यातलं मडकं सुटणार नव्हतं. पण हे उत्तर देऊन आपण मोकळे झालो आणि त्याच उत्तराखाली एक जवान माणूस दबून राहिला. त्याचं नाव बाबूराव पुलेसूर शेडमाके. वय पंचवीस. फाशी, चांदा तुरुंग, २१ ऑक्टोबर १८५८.

वर्ध्याच्या अंकात चांद्याचा माणूस कशाला, असं कोणी विचारील. तर नकाशा काढा. आर्वीकडून येणारी, पुलगावच्या पुलाखालून जाणारी आपली वर्धा नदी खाली बल्लारपूरजवळून वाहते, पुढे वैनगंगेला मिळते आणि तिथून दोघींचं मिळून नाव पडतं प्राणहिता. ही प्राणहिता अहेरीच्या अंगाने जाऊन सिरोंच्याला गोदावरीत शिरते. बाबूरावाचं सगळं आयुष्य या पाण्याच्या काठच्या जंगलात गेलं. आणि सत्तावनमध्ये वर्धा जिल्हा होताच कुठे? तो १८६२ साली नागपुरातून कापून काढला. पालकवाडी नावाच्या खेड्यावर वर्धा शहर बसलं ते १८६६ पासून. जिल्ह्यांच्या या रेघा साहेबाने मागून मारल्या. त्या आधीचा मुलूख गोंडांचा होता. देवगडचा गोंड राजा आणि चांद्याचा गोंड राजा, या दोन नावांशिवाय वऱ्हाड-नागपूरकडचा जुना इतिहास सुरूच होत नाही.

इथे एक तारीख पक्की ध्यानात ठेवा : १७५१. त्या साली नागपूरकर रघुजी भोसल्याने चांद्याचं राज्य कायमचं गिळलं आणि शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कोंडलं. म्हणजे गोंडांची पारतंत्र्याची गोष्ट इंग्रजांपासून सुरू होत नाही, ती शंभर वर्षं आधी सुरू होते. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघुजी बिनवारस मेला, डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि बामण-मराठे इतिहासकारांनी तिथे "स्वराज्य गेलं" म्हणून डोळे पुसले. कोणाचं स्वराज्य? गोंडाच्या पाठीवरचा धनी बदलला, एवढंच झालं. पहिला महसूल मोडीत लिहीत होता, दुसरा इंग्रजीत लिहू लागला.

बाबूराव जन्मला १२ मार्च १८३३ ला, अहेरीकडच्या किष्टापूर गावात. बापाचं नाव पुलेसूरबापू, आईचं जुरजाकुंवर. गोटूलात वाढला, धनुष्य-भाला-कुऱ्हाड तिथे शिकला. इंग्रजी शिकायला बापाने रायपूरला धाडलं होतं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. घराणं मोलमपल्लीच्या जमीनदाराचं. हे लपवायचं कशाला? काही पोरं नायकाला बळेबळेच भूमिहीन करून टाकतात. बाबूराव भूमिहीन नव्हता. पण चांद्याच्या पूर्वेकडची ही जमीनदारी आपल्याकडच्या मालगुजारीसारखी नव्हती हेही समजून घ्या. दाट जंगल, विरळ वस्ती. जमीनदार म्हणजे त्या टापूचा गोंड प्रमुख, वरच्या सरकाराला थोडी टाकोळी देणारा. जमीन मोजलेली नाही, जंगलाला कुंपण नाही. कंपनीला नेमकी हीच गोष्ट खुपत होती. तिला मोजायचं होतं, तिला सागवान पाहिजे होता, आणि आपल्या तारा, आपली माणसं या जंगलातून बिनधोक न्यायची होती.

या सगळ्या जमीनदाऱ्यांत अहेरी मोठी. मोलमपल्ली तिच्या सावलीतली. हे नातं डोक्यात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरतं.

सप्टेंबर १८५७ मध्ये बाबूरावाने माणसं गोळा केली. नाव दिलं जंगोम दल. गोंडीत जंगोम म्हणजे जागं होणं, उठणं, असा अर्थ सांगतात. चार-पाचशे जण जमले, गोंड आणि माडिया. दिल्ली त्याच महिन्यात इंग्रजांनी परत घेतली होती. म्हणजे उत्तरेतलं बंड मोडायला लागलं तेव्हा हा उभा राहिला. नानासाहेबाची शेपटी म्हणून त्याला पुस्तकात चिकटवणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.

७ मार्च १८५८ ला त्याने राजगड परगणा मारला. राजगडचा कंपनीकडचा प्रमुख रामजी गायकवाड त्यात कापला गेला. चांद्याला तेव्हा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रिक्टन. राजगडची बातमी ऐकून त्याने फौज धाडली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली. तोवर आडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव बाबूरावाला येऊन मिळाला होता, आणि दोघांची मिळून माणसं बाराशेच्या घरात गेली होती. यात गोंड होते तसेच रोहिलेही होते. रोहिले म्हणजे त्या मुलखात भाड्याने तलवार चालवणारे मुसलमान पठाण. आदिवासी आणि मुसलमान एका झाडाखाली भाकर खाऊन एका साहेबाशी लढले, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते. एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामणपेठला पुन्हा झुंज झाली. जंगलातली लढाई, धनुष्य, भाले, थोड्या तोड्याच्या बंदुका. डोंगरावरून धोंडे लोटायचे आणि अंधारात गडप व्हायचं. साहेबाची कवायती फौज इथे आंधळी होती.

मग चिंचगुंडी. २९ एप्रिल १८५८. प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या माणसांचा मुक्काम पडला होता. बाबूरावाच्या माणसांनी रात्री तो मारला. गार्टलंड आणि हॉल हे दोन गोरे ठार झाले, तिसरा पीटर जीव घेऊन पळाला आणि क्रिक्टनला जाऊन मिळाला. तारखात्यावरच हल्ला का, याचं उत्तर सोपं आहे. त्या वर्षी हिंदुस्थानात इंग्रजांना तारेने वाचवलं होतं. ज्याच्या हाती बातमी त्याच्या हाती मुलूख, हे पंचवीस वर्षांच्या पोराला प्राणहितेच्या काठावर कळलं होतं. पण इथूनच पारडं फिरलं. दोन देशी शिपाई मेले तर रिपोर्टात एक ओळ पडते. दोन गोरे मेल्यावर नागपुरापर्यंत हालचाल झाली.

आता क्रिक्टनने काय केलं ते बघा. कारण या लेखाला जे सांगायचं आहे ते इथे आहे. जंगलात तोफ नेऊन काही होत नाही, हे त्याने तीन लढायांत पाहिलं होतं. त्याने अहेरीच्या जमीनदारीणबाईला, लक्ष्मीबाईला धरलं. मोलमपल्ली तुझ्या हाताखालची, तिचा माणूस तूच आणून दे. योगायोग पाहा, त्याच सालच्या जूनमध्ये दुसरी एक लक्ष्मीबाई ग्वाल्हेरपाशी इंग्रजाशी लढता लढता मेली. पुस्तकात तीच आहे. अहेरीच्या लक्ष्मीबाईला पुस्तकात जागा नाही. पण आपल्याला दोन्ही वाचाव्या लागतील.

लक्ष्मीबाईच्या माणसांनी बाबूरावाचा माग काढला. एकदा भोपाळपट्टणमकडे तो सापडला आणि निसटला. दुसऱ्यांदा, १८ सप्टेंबर १८५८ ला, सुटला नाही. चांद्याला आणलं, खटला झाला, राजद्रोह. पकडल्यापासून तेहतिसाव्या दिवशी तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाला त्याला लटकवलं. आदिवासी सांगतात की दोर तुटला, पुन्हा तुटला, तरी हा मरेना, म्हणून शेवटी चुन्याच्या भट्टीत टाकला. ताडवा खाल्ल्याने त्याच्या अंगात बळ आलं होतं, असंही सांगतात. विज्ञाननिष्ठ म्हणवून घेणारी आपली काही मंडळी हे ऐकून हसतात. हसू नका. ज्यांचा कागद नाही ते असाच इतिहास ठेवतात. दोर तुटला याचा अर्थ इतकाच, की तो मेला हे त्यांनी मनातून मान्य केलं नाही.

व्यंकटराव बस्तरच्या जंगलात पळाला. दीड वर्षं लपला. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्याला धरून दिलं. जन्मठेप काळं पाणी, मालमत्ता जप्त. आणि त्याच्या जप्त झालेल्या आडपल्ली आणि घोट या दोन जमीनदाऱ्यांची सदुसष्ट गावं अहेरीच्या लक्ष्मीबाईला बक्षीस मिळाली.

सदुसष्ट गावं. हा आकडा मी किती वेळा वाचला असेल. दोन्ही वेळा धरून देणारा आपल्याच लोकांचा प्रमुख आहे : एकदा अहेरी, एकदा बस्तर. इंग्रजाने या जंगलात बंदुकीपेक्षा बक्षीस जास्त वापरलं. हे फितुरीचं प्रकरण म्हणून, एका बाईच्या नावाने बोटं मोडून मिटवायचं नाही. लक्ष्मीबाईपुढेही क्रिक्टन उभा होता, नाही म्हणाली असती तर तिची जमीनदारी जात होती. जिच्याकडे जायला काही आहे ती ते वाचवते. बाबूरावाकडेही होतं, त्याने वाचवलं नाही. फरक दोन माणसांतला आहे, रक्तातला नाही.

आणि आता आपल्या घरात या. सत्तावनमध्ये आपले पूर्वज कुठे होते? मुंबई लष्करात महार होते, कंपनीच्या बाजूने. १८१८ च्या भीमा कोरेगावची सालं आपण छातीवर हात ठेवून सांगतो, आणि सांगावीत. पेशव्याच्या राज्यात ज्याला थुंकायला जमीन नव्हती त्याने पेशव्याशी लढायचं नाही तर कोणाशी? बाबासाहेबांनी हे साफ मांडलं आहे, की इंग्रजांना हा देश मिळवून देण्यात अस्पृश्यांचा हात होता, आणि त्याबदल्यात इंग्रजांनी त्यांच्यासाठी फार केलं नाही. १८९२ च्या सुमाराला महारांची लष्करभरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ साली अर्ज लिहावा लागला, की आम्ही तुमच्यासाठी लढलो होतो. म्हणजे बघा : अहेरीला सदुसष्ट गावं, महाराला घरचा रस्ता. साहेब मदत सगळ्यांची घेतो, बक्षीस देताना जात आणि जमीन पाहतो.

म्हणून बाबूरावाला "राष्ट्रवीर" म्हणून हार घातला की माझं समाधान होत नाही. भारत सरकारने २००९ साली, १२ मार्चला, त्याचं टपाल तिकीट काढलं. चांगलं केलं. पण तिकिटावरचा बाबूराव भारतासाठी लढलेला आहे, आणि जंगलातला बाबूराव राजगड, घोट, मोलमपल्लीसाठी. त्याच्या डोक्यात पेशव्याचं राज्य नव्हतं, दिल्लीचा बादशहा नव्हता. त्याचं राष्ट्र चार नद्यांत मावत होतं. मोठं राष्ट्र लहान राष्ट्राला पोटात घेतं आणि मग त्याच्याच हुतात्म्याचा फोटो आपल्या भिंतीवर लावतं, ही युक्ती आपल्याला ओळखता आली पाहिजे. आपल्याही माणसांवर ती चालवली जाते.

एक अवघड गोष्टही बोलून टाकतो. ६ मे १९४५ ला मुंबईत फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाची योजना मांडली. आदिवासींना त्यांनी त्या योजनेबाहेर ठेवलं. त्यांच्यात अजून राजकीय जाण आलेली नाही, दुसरे त्यांना वापरून घेतील, म्हणून त्यांच्या मुलखासाठी वेगळा आयोग नेमावा, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरे वापरून घेतील ही भीती अहेरीची गोष्ट वाचली की खरी वाटते. पण राजकीय जाण? राजगड घेणाऱ्याला, तारेवर नेमका घाव घालणाऱ्याला, रोहिल्यांना सोबत घेणाऱ्याला जाण नव्हती असं मला म्हणता येत नाही. बाबासाहेबांनीच आपल्याला कोणाचंही वाक्य तपासून घ्यायला शिकवलं. त्यांचंही तपासलं तर ते रागावणार नाहीत. त्यांच्यासमोर चांद्याच्या जंगलाचा हा कागद कोणी ठेवला नसेल तर तो दोष चांद्या-वर्ध्याच्या शिकलेल्यांचा.

हॉस्टेलात माझ्यासोबत एटापल्लीकडचा एक गोंड पोरगा होता. ऑक्टोबरमध्ये आमच्यासोबत तो चांद्याला यायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली आणि १६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, हे आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. दरसाल १५-१६ ला तिथे निळा समुद्र असतो. सोळाच्या रात्री आम्ही गाडीकडे निघालो की हा म्हणायचा, मी थांबतो, एकवीसला आमचं आहे. एकदा पोट्ट्यांनी त्याले विचारलं, काय आहे बे तुमचं एकवीसला? तो म्हणाला, "तुमचे बाबासाहेब आम्ही घेतले भाऊ. आमचा बाबूराव तुम्ही कधी घ्यान?"

२१ ला तुरुंगातल्या त्या पिंपळापाशी लोक येतात. गोंडी बोलणारे, पिवळे झेंडे घेऊन, लांबून लांबून. जमीनदाऱ्या १९५१ साली कायद्याने गेल्या. जंगल मात्र लोकांकडे आलं नाही, ते जंगलखात्याकडे राहिलं. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यावर गडचिरोलीच्या लेखा-मेंढा गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, पण बाकीच्या कितीतरी गावांचे दावे त्यानंतरही टेबलावर पडून राहिले. घोट, आडपल्लीकडच्या गावांत जाऊन सातबारा आणि दाव्याचे कागद वाचून देणारी चार शिकलेली पोरं लागतात. आपल्याकडे वकिली शिकणारी किमान सहा आहेत, त्यातले दोघं हा अंक स्टेन्सिलवर कापतात.

पुढच्या ऑक्टोबरला सोळाच्या रात्री परत फिरू नका. पाच दिवसांची भाकर आणि अंथरूण बांधून या. रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या विहारात झोपायची सोय होईल. मधल्या दिवसांत घोटला जाऊन येऊ. एकवीसला सकाळी तुरुंगाच्या दाराशी भेटू.