काळी, पांढरी आणि पेव

‘पेव फुटणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ आमच्या शाळेतला कोणताही मुलगा तोंडपाठ सांगेल. पण पेव पाहिले आहेस काय, असे विचारा, की तो खाली मान घालतो. त्यात त्याचा दोष नाही. वऱ्हाडातली बहुतेक पेवे केव्हाच बुजली, आणि शब्द तेवढा मागे राहिला.

पेव म्हणजे धान्य साठविण्याचे तळघर. मोल्सवर्थसाहेबाच्या कोशातही ‘जमिनीखालचे धान्याचे कोठार’ असाच त्याचा अर्थ दिलेला आहे. तोंड एक माणूस उतरेल एवढेच, आणि पोट मात्र रांजणासारखे फुगलेले. दिवाळीनंतर ज्वारीची सुगी येई, खळे होई, आणि कडक वाळविलेली ज्वारी या पोटात जाई.

धान्य भुईत पुरण्याची पाळी का आली, हे वऱ्हाडचा इतिहास सांगतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडच्या अडगावला भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दिवस सुगीचेच होते. फौजा शिवार तुडवून गेल्या आणि मागून दुष्काळ आला. पुढे पेंढाऱ्यांची धाड सुरू झाली. अमरावतीचा दगडी परकोट उभा राहिला तो त्यांच्याच धास्तीने. पेठेतल्या सावकारांना परकोट मिळाला. उघड्या खेड्याला कोण कोट बांधणार? त्याने आपली भाकरी जमिनीखाली लपविली.

लुटारूंना चकविता येई, पण पाण्याला चकविणे सोपे नव्हते. पेवात ओंजळभर पाणी शिरले तरी धान्य गरम होते, बुरसते, त्याला मोड येतात, आणि वर्षाची बेगमी उकिरड्यावर जाते. म्हणून पेवाची सारी विद्या पाण्याशी गाठ घालणारी होती.

तिचा पहिला धडा जागेचा. आपल्या जुन्या दप्तरांत गावाचे दोन भाग असत: काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी माती कपाशीची माय, पण घराची वैरीण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. मग तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतींना दोन्ही बाजूंनी रेटते. अशा जमिनीत तळघर खणणे म्हणजे पाण्याला आमंत्रण देणे. पांढरीचा गुण निराळा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती आणि राख साचून ती उंच झालेली असते. तिचा वरचा थर भिजला की मिटून जातो आणि पाणी उतारावरून निघून जाते. धाब्याच्या घरांवर पांढरी माती पसरीत ती याच गुणासाठी. म्हणून पेव खणायचे ते पांढरीच्या उंचवट्यावर, नाही तर कठीण मुरमात.

दुसरा धडा तयारीचा. खणलेल्या पेवात पऱ्हाटी पेटवून भिंती भाजून घेत. मग तळाला आणि कडेला कडबा व कुटार यांचा जाड थर देत, म्हणजे मातीची ओल दाण्याला लागत नसे. भरल्यावर तोंडावर शिळा ठेवून ती शेणमातीने लिंपीत आणि वर मातीचा उंचवटा करीत, म्हणजे पाऊस तेथे ठरत नसे. पावसाळ्यापूर्वी भेगा बुजविणे आणि उतार नीट करणे हे काम दरसाल करावेच लागे. एक वर्ष आळस केला, तर दहा वर्षांचे पेव एका श्रावणात फुटे.

बंद पेवात धान्य टिकते याचे कारण आज आपणांस ठाऊक आहे. दाणे आणि किडे श्वासाने आतला प्राणवायू संपवितात, कर्बवायू साचतो आणि कीड गुदमरते. पण तोच वायू माणसालाही मारतो. म्हणून पेव उघडल्यावर काही वेळ तसेच ठेवीत आणि आत दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. घाई झाली की मात्र पहिला उतरे तो सालदार, आणि सगळेच वर आले नाहीत. १८९९-१९०० च्या दुष्काळात भरलेल्या पेवाचा धनी आणि ते भरणारा मजूर यांच्यातले अंतर साऱ्या गावाला दिसले असेल. पाणी बाहेर ठेवण्याची विद्या दोघांची होती. धान्य एकाचे होते.

ही विद्या केवळ आपलीच नव्हे. रोमन पंडित वारो याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, की जमिनीखाली हवा न लागू देता ठेवलेला गहू ५० वर्षे टिकतो. पुणे जिल्ह्यातील इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची पेवे सापडली, आणि घोड नदीच्या पुरासाठी घातलेला बांधही सापडला. पेव आणि बांध यांची अशी जुनी सोबत आहे.

मग पेवे गेली का? १९५७ नंतर वखार महामंडळांची गोदामे आली, रेशनची दुकाने आली. १९६४ साली संकरित ज्वारी आली. ती पावसातच पिकून काळी पडू लागली. पुढे सोयाबीनने ज्वारीचे शिवारच व्यापले. साठवायला धान्य उरले नाही, तेव्हा पेवाची आठवण कोण ठेवणार?

तळघरे मात्र पुन्हा आली आहेत. अमरावती-अकोल्यात आता गाड्यांसाठी आणि दुकानांसाठी जमिनीखाली मजले बांधतात, आणि तेही काळीतच. २०२१ च्या जुलैत मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा खालचे काय झाले असेल ते सांगावयास नको. आजच्या सिमेंटलाही जुनेच नियम लागू आहेत. भिंतीशेजारी फुगणारी काळी माती न भरता मुरूम भरावा. अंगणाचा उतार घरापासून दूर काढावा. तळघराच्या तोंडाशी उंच उंबरठा ठेवावा, आणि नाल्याची वाट अडवू नये. मृग लागण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारून भेगा पाहाव्यात. पांढरी निवडणे आता प्रत्येकाच्या हाती नाही. ही फेरी मारणे अजून आहे.