चाकूची पाठ किती मिलिमीटर?



गेल्या माघात बांधावरच्या चाळीस रानसीताफळांवर कलमं केली. काडी धारूर-६ ची, म्हणजे आपल्याच बालाघाटातली, अंबाजोगाईच्या केंद्राची जात. चैत्र पुनवेला येडाईच्या यात्रेला पाहुणे आले, तोवर चाळीसातली नऊ हिरवी होती. बाकीच्या काड्या वाळून काडीपेटीच्या कामाच्या झाल्या. आदल्या वर्षी त्याच कलमवाल्या मामांनी त्याच बांधावर कलमं केली, तेव्हा चारातली तीन जगली होती. मी मामांना चार शब्द बोललो. मजुरीवरूनही बोललो, ते आज लिहिताना लाज वाटते.

कारण बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती मी बदलली होती. मामांच्या घडीच्या चाकूची स्प्रिंग तुटली होती, म्हणून मी माझा नवा, महागाचा, परदेशी बनावटीचा चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, पाठीवरून अंगठा फिरवला आन् म्हणाले, "आरं, ही कुऱ्हाड हाय का चाकू?" मी म्हणालो, "मामा, लई भारी पोलाद हाय, चालवा तुम्ही." त्यांनी चालवला.

यात्रा उरकल्यावर लेथवाल्याकडून व्हर्नियर आणून दोन्ही चाकू मोजले. मामांच्या जुन्या चाकूची पाठ १.८ मिमी, माझ्याची ४ मिमी. पात्याची रुंदी दोन्हींची जवळपास २ सेंमी. धारेपासून पाठीपर्यंत सरळ उतार धरला, तर मामांच्या पात्याचा कोन ५ अंशांच्या आसपास येतो आणि माझ्या पात्याचा ११ च्या वर जातो. म्हणजे लाकडात शिरताना माझा चाकू दुपटीनं मोठी पाचर ठोकत होता. पाचर कलमात खुंट मधोमध चिरायचा असतो. जाड पातं तो चिरत नाही, फाडतं. चीर पाहिजे त्यापेक्षा खाली पळते आणि काडी ढिली बसते. शिवाय माझ्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार. कलमाच्या खऱ्या चाकूला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू काडीला टेकवून ओढली की काप रंधा मारल्यासारखा येतो. काडीची आणि खुंटाची सालीखालची हिरवी रेघ एकमेकींना भिडली तरच सांधा जुळतो. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी काडी तहानेनं मरते.

मग प्रश्न पडला, की एवढा महागाचा चाकू इतका जाड करतातच कशाला? म्हणून थोडा इतिहास चाळला.

स्विस सैनिकांच्या चाकूची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. स्विस सैन्याला १८९० च्या सुमारास घडीचा चाकू पाहिजे होता, कारण नवी १८८९ ची रायफल खोलायला पेचकस लागे आणि शिधा डब्यात येऊ लागला होता. एवढा माल काढेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता, म्हणून पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगनहून आले. ईबाख गावच्या कार्ल एल्सनर या चाकूवाल्यानं १८९१ मध्ये हे काम आपल्या देशात आणलं. १९०९ ला त्याची आई वारली, तिचं नाव व्हिक्टोरिया. त्यानं तेच कारखान्याला दिलं. पुढं १९२१ ला न गंजणारं पोलाद आलं, त्याच्या 'इनॉक्स' या नावाची जोड लागून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

आता आकडे बघा. ही जाडी मिटलेल्या अख्ख्या चाकूची आहे, नुसत्या पात्याची नव्हे. १८९० चा चाकू २०.५ मिमी जाड आणि १४४ ग्रॅम, मूठ लाकडाची. १९०८ चा १६.५ मिमी. १९५१ चा १३.५ मिमी आणि ९० ग्रॅम. १९६१ ला मूठ ॲल्युमिनियमची झाली तेव्हा १२ मिमी आणि फक्त ७२ ग्रॅम. सत्तर वर्षांत वजन निम्म्यावर आलं. आणि मग २००८ चा नमुना एकदम १८ मिमी आणि १३१ ग्रॅम! त्यांना आता एका हातानं उघडणारं मोठं, दातेरी पातं पाहिजे होतं. काम बदललं, तसा चाकू पुन्हा जाड झाला.

फ्रान्सच्या डोंगरी भागातला ओपिनेल मात्र जाडीच्या वाटेला गेलाच नाही. तोही १८९० चाच, गुराख्या-शेतकऱ्यांच्या खिशातला. १९५५ मध्ये त्याला पातं अडकवायची फिरती कडी बसली, पण आठ नंबरच्या चाकूचं पातं आजही दोन मिमीच्या आत आहे. अन् कलमाच्याच चाकूंबद्दल विचाराल, तर जर्मनीतल्या रॉयटलिंगन गावचा टिना कारखाना १८५४ पासून हेच काम करतोय.

जाडीची हौस आली ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, महागड्या खिसाचाकूंबरोबर. १९९० च्या आसपास क्रिस रीव्ह यांचा सेबेन्झा आला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम'. त्याच्या मोठ्या आकाराचं पातं ३ मिमीच्या वर. १९९६ च्या स्पायडरकोच्या मिलिटरी चाकूचं ४ मिमी. दोर तोडायला, खोकी फोडायला, जोर लावायला ही हत्यारं उत्तमच असणार. पण त्यांच्या कामात सीताफळाची पेन्सिलीएवढी काडी कुठंच नव्हती. हौशी लोक एकाच चाकूच्या नव्या-जुन्या आवृत्त्यांत अर्ध्या मिलिमीटरवरून भांडतात हे वाचून आधी हसू आलं होतं. बांधावरच्या एकतीस वाळक्या काड्या आठवल्यावर हसू गेलं.

आपल्या लोहाराला हे शिकवावं लागलं नाही, बरं का. उसाचा कोयता तो ट्रकच्या कमानपाट्याचा करतो आणि पाठ जाड ठेवतो, कारण कोयत्याचा घाव वजनानं बसतो. गवताचा विळा तोच माणूस ठोकून ठोकून पातळ करतो. खुरप्याची तऱ्हा आणखी वेगळी. मोजायला त्याच्याकडं व्हर्नियर नसतो, पण कुणाच्या हातात काय काम आहे ते त्यानं आधी विचारलेलं असतं. मी पोलादाचं नाव विचारलं, किंमत विचारली, पाठ विचारली नाही.

मामांच्या घरी जाऊन आलो. कापलेली मजुरी दिली. त्यांनी चहा पाजला, त्या विषयावर एक शब्द काढला नाही. निघताना जुना चाकू माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "बार्शीला गेलास तर स्प्रिंग बसवून आण. पात्याला हात लावू दिऊ नगंस." स्प्रिंग बसली आहे. वाळलेल्या एकतीस खुंटांना खालून नवे फुटवे आलेत. एकेकच ठेवून बाकीचे खुडलेत. माघापर्यंत ते पेन्सिलीएवढे होतील.