सेर्वीरे (इटालियन क्रियापद)

सेर्वीरे हे इटालियन भाषेतील नित्य वापरातले एक क्रियापद आहे. 'सेवा करणे' व 'वाढणे' (अन्न, पेय) हे त्याचे सकर्मक अर्थ होत. परंतु रोजच्या बोलण्यात ते मुख्यतः 'लागणे', 'हवे असणे' आणि 'उपयोगी पडणे' या अकर्मक अर्थांनी येते. गरज आणि उपयुक्तता या दोन कल्पना एकाच क्रियापदात सामावलेल्या असणे, हे त्याचे वैशिष्ट्य मानता येईल.

व्युत्पत्ती
हे क्रियापद त्याच रूपाच्या लॅटिन क्रियापदापासून आले आहे. लॅटिनमध्ये 'सेर्वुस' म्हणजे दास. त्यावरून साधलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ 'दास असणे, चाकरी करणे' असा होता. ज्याची चाकरी करावयाची त्याचे नाम लॅटिनमध्ये चतुर्थी विभक्तीत येत असे. इटालियनमधील गरजदर्शक रचनेचे मूळ येथे आहे : वस्तू ही जणू सेवक आणि माणूस हा ती सेवा ज्याला पोहोचते तो. संस्कृत 'सेवा' या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्य मात्र व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

गरजदर्शक रचना
'मला एक पेन हवे आहे' हे इटालियनमध्ये 'मि सेर्वे ऊना पेन्ना' असे होते. येथील 'मि' उच्चाराने मराठी 'मी'च्या जवळचा असला तरी त्याचा अर्थ 'मला' असा आहे. नवशिक्या मराठी भाषकाची पहिली गफलत बहुधा येथेच होते. वाक्याचा कर्ता 'पेन्ना' (पेन) असून क्रियापद त्याच्या वचनाप्रमाणे चालते. वस्तू अनेक असल्या की 'सेर्वे' जाऊन 'सेर्वोनो' येते : 'मि सेर्वोनो दूए क्वादेर्नी', म्हणजे 'मला दोन वह्या लागतात'. तुला, त्याला, तिला, आम्हाला, तुम्हाला यांसाठी अनुक्रमे ति, ल्यि, ले, चि, वि ही सर्वनामे योजतात. 'ले' हेच रूप परक्या किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीशी आदराने बोलतानाही वापरतात. म्हणून मित्राला 'ति सेर्वे क्वाल्कोज़ा?' (तुला काही हवे आहे का?) आणि अनोळखी ग्राहकाला 'ले सेर्वे क्वाल्कोज़ा?' (आपल्याला काही हवे आहे का?) असे विचारले जाते.

इंग्रजीच्या माध्यमातून इटालियन शिकणाऱ्यास ही रचना उलटी वाटते, कारण इंग्रजीत गरज असणारा माणूस हाच कर्ता असतो. मराठी वाचकाने मात्र इंग्रजीचा वळसा घेण्याचे कारण नाही. 'मला वही लागते', 'मला वह्या लागतात' या वाक्यांत माणूस चतुर्थीत, वस्तू प्रथमेत आणि क्रियापद वस्तूच्या वचनानुसार, अशी नेमकी तीच मांडणी आहे. साम्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. मराठीत चष्मा एकवचनी असतो, इटालियनमध्ये तोच शब्द अनेकवचनी असतो. त्यामुळे 'मला चष्मा लागतो' याचे भाषांतर 'सेर्वोनो' या अनेकवचनी रूपानेच करावे लागते. शिवाय 'लागणे' या क्रियापदाला इतर अर्थही पुष्कळ आहेत. 'मला गाडी लागली' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला प्रवासात मळमळले असण्याचाच संभव अधिक. 'सेर्वीरे'ला असा अर्थ मुळीच नाही.

निव्वळ इच्छेसाठीही हे क्रियापद चालत नाही. मराठी 'हवे' इच्छा आणि गरज या दोहोंना पुरते. इटालियनमध्ये कॉफी मागताना 'व्होर्रेइ' (मला आवडेल, हवी होती) असे म्हणतात, तर लोखंडी सामानाच्या दुकानात चार स्क्रू मागताना 'मि सेर्वोनो' हे अगदी स्वाभाविक ठरते, कारण तेथे वस्तूमागे काही काम उभे असते.

उपयुक्ततादर्शक रचना
वस्तूचा उपयोग सांगताना क्रियापदानंतर 'आ' किंवा 'पेर' हे शब्दयोगी अव्यय आणि पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते. सुरी पाव कापण्यासाठी असते, हे या रचनेने सांगतात. 'आ के सेर्वे?' म्हणजे 'हे कशासाठी असते?' किंवा, स्वर बदलल्यास, 'याचा काय उपयोग?' असा त्रागाही. 'नोन सेर्वे आ न्येन्ते' म्हणजे 'काही उपयोगाचे नाही'.

दोन अर्थांची सीमा नकारार्थी वाक्यात पुसट होते. 'नोन सेर्वे ग्रिदारे' या वाक्याचा अर्थ 'ओरडण्याची गरज नाही' असाही होतो आणि 'ओरडून उपयोग नाही' असाही. मराठीला येथे दोन वेगळी वाक्ये करावी लागतात. इटालियन भाषक ही निवड प्रसंगावर सोडतो. भाषांतरकाराला मात्र ती करावीच लागते आणि चुकीच्या निवडीने समजावणीच्या जागी निराशा उमटू शकते.

माणसांच्या बाबतीत
कर्त्याच्या जागी माणूसही येऊ शकतो. 'मि सेर्वी' म्हणजे 'तू मला हवा आहेस', परंतु कामापुरता. सामान हलवायचे असताना मित्राला म्हटलेल्या 'उद्या तू मला लागशील' या मराठी वाक्याचा सूर जवळपास तोच आहे. मायेने किंवा व्याकुळतेने बोलायचे असल्यास 'ओ बिज़ोन्यो दि ते' (मला तुझी गरज आहे) असेच म्हणावे लागते. येथे बोलणारा स्वतः कर्ता असतो आणि गरज त्याच्यापाशी असते. पहिले वाक्य दुसऱ्याच्या जागी वापरल्यास ऐकणाऱ्याला आपण साधन ठरल्यासारखे वाटू शकते.

रूपे
वर्तमानकाळी रूपे : सेर्वो, सेर्वी, सेर्वे, सेर्व्यामो, सेर्वीते, सेर्वोनो. भविष्यकाळात 'मि सेर्विरा' (मला लागेल) आणि अपूर्ण भूतकाळात 'मि सेर्वीवा' (मला हवे होते) अशी रूपे होतात. संकेतार्थी 'मि सेर्विरेब्बे' विनंती सौम्य करते. कचेरीत माहिती विचारताना ते शोभून दिसते.

पूर्ण भूतकाळात अर्थानुसार सहायक क्रियापद बदलते. जेवण वाढले असे सांगताना 'आवेरे' (जवळ असणे) आणि वस्तू लागली असे सांगताना 'एस्सेरे' (असणे) हे क्रियापद येते. दुसऱ्या बाबतीत धातुसाधित रूप वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : 'मि सोनो सेर्वीती दूए जोर्नी', म्हणजे 'मला दोन दिवस लागले'. मराठीतही 'दिवस लागला', 'दिवस लागले' असा भेद होतोच.

आत्मवाचक रूप व नेहमीची गल्लत
'सेर्वीर्सी दि' या आत्मवाचक रूपाचा अर्थ 'एखाद्या गोष्टीचा वापर करणे' असा आहे. येथे कर्ता पुन्हा माणूस होतो : 'मि सेर्वो दि' म्हणजे 'मी अमुक वापरतो'. 'मि सेर्वे' आणि 'मि सेर्वो' यांत एका स्वराचाच फरक असल्याने त्यांची अदलाबदल वारंवार होते. 'मि सोनो सेर्वीतो दि' (मी वापर केला) आणि वर आलेले 'मि सोनो सेर्वीती' (मला लागले) यांची जोडीही तशीच फसवी आहे. 'दि' हे अव्यय आहे की नाही, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. 'इओ सेर्वो ऊना पेन्ना' असे म्हटल्यास मात्र पानात पेन वाढत असल्याचा अर्थ निघतो.

जवळची क्रियापदे
'ओक्कोर्रेरे' हे क्रियापद रचनेने असेच चालते, पण ते अधिक औपचारिक असून सूचनापत्रे व सरकारी लिखाणात शोभते. 'चि वुओले' (अनेकवचनी 'चि वोल्योनो') हे कोणा एकाची नव्हे तर सर्वसाधारण आवश्यकता सांगते. एखाद्या गावी पोहोचायला दोन तास लागतात, किंवा एखाद्या कामाला धीर लागतो, असे म्हणताना तेच वापरतात. 'बिज़ोन्या' पुढे क्रियापद येते आणि त्यातून 'केले पाहिजे' असा कर्तव्याचा अर्थ निघतो.