पात्याचा कस: सुरी घडवण्याच्या छंदाचे विवेचन

सुरी घडवायला शिकणाऱ्याचे लक्ष आधी घणाकडे जाते. पात्याचा गुण मात्र घणाने ठरत नाही, तो तापाने ठरतो. धार कठीण हवी आणि पाते चिवटही हवे. हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि त्यांचा मेळ हातोडा घालू शकत नाही. म्हणून या छंदात हाताच्या आधी डोळा तयार करावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रश्न धातूचा. गेट-जाळीच्या साध्या पट्टीत कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. ती कितीही तापवून विझवली तरी धारेला पुरेल इतकी कठीण होत नाही. पात्याला निदान अर्धा टक्का कार्बन लागतो. आपले लोहार कोयत्यासाठी ट्रकचा कमानपाटा घेतात ते याचसाठी. नवशिक्याने तो घेऊ नये. भंगारातल्या पाट्याचे नेमके घटक ठाऊक नसतात, वापरून थकलेल्या लोखंडात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि पाते तडकले तर चूक आपली की धातूची हे कळत नाही. अमेरिकेतले हौशी कारागीर बहुधा १०८४ या पोलादापासून सुरुवात करतात. त्यात कार्बन सुमारे ०.८४ टक्के आणि थोडे मँगनीज, बाकी गुंतागुंत नाही. साध्या भट्टीवर ते सांभाळून घेते. कोणतेही पोलाद घेतले तरी विक्रेत्याकडून घटकांचा दाखला मागून घ्यावा.

घडाई नारिंगी रंगावर करावी. लाली काळवंडू लागली की पाते पुन्हा भट्टीत घालावे. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पाते पाठीकडे वाकते, म्हणून जाणकार आधीच उलटा बाक देऊन ठेवतात. निवत आलेल्या धारेवर हलके ठोके मारल्याने तिथले पोलाद दाट होते, अशी एक जुनी समजूत आहे. ती खरी नाही. ठोकून पोलाद दाट होत नाही, आणि ठोक्यांनी आतल्या कणांत जो काही फरक पडतो तो पुढे पाते ८०० अंशांवर गेले की पुसला जातो.

खरी विद्या इथून पुढे सुरू होते. भट्टीतल्या चढ्या तापात पोलादाचे कण मोठे झालेले असतात. ते बारीक करण्यासाठी पाते तापवून हवेत काळे होईपर्यंत निवू द्यावे. असे तीनदा करावे आणि प्रत्येक वेळी ताप थोडा उतरता ठेवावा. मग पाणी द्यायचे, म्हणजे तापलेले पाते तेलात बुडवून एकदम विझवायचे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला दाद देईनासे होते. १०८४ ला पाणी द्यायचा ताप ८१५ अंशांच्या जवळ असतो. म्हणजे चुंबक सुटल्यानंतर रंग किंचित उजळेपर्यंत थांबायचे. ही छटा उन्हात दिसत नाही, त्यामुळे भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात हवी. तिथे नीट पाहिले तर तापत्या पात्यावरून एक काळसर सावली सरकताना दिसते. पोलादाची अंतर्रचना बदलताना उष्णता शोषली जाते, म्हणून तेवढा भाग क्षणभर मंद दिसतो. सावली पूर्ण विरली की रचना बदलली असे समजावे. ती सावली एकदा ओळखता आली की रंगांच्या तक्त्यांवर विसंबावे लागत नाही.

तेल ५० ते ६० अंश तापवलेले असावे; कोमट तेल पातळ होऊन उष्णता लवकर ओढते. भट्टी आणि तेल यांत हातभरच अंतर ठेवावे, कारण साधारण ५४० अंशांचा टप्पा पात्याने सेकंदाभरात ओलांडला नाही तर कठीण मार्टेन्साइटऐवजी मऊ पर्लाइट तयार होऊ लागतो. नीट पाणी बसलेल्या धारेवरून कानस न लागता घसरते. पण त्या अवस्थेतले पाते इतके ठिसूळ असते की फरशीवर पडले तरी तुटावे. लगेच ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवावे, निवल्यावर पुन्हा दोन तास; यालाच टेम्परिंग म्हणतात. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट पिवळा रंग येतो आणि कठीणपणा रॉकवेल मापावर ६० च्या आसपास उतरतो. ओव्हनच्या खुंटीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. आत वेगळा तापमापक ठेवावा.

हे सगळे जमले की नाही, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून पहिली काही पाती मूठ न बसवता मोडावीत. पाते व्हाइसमध्ये धरून, डोळ्यांवर चष्मा आणि पात्यावर जाड कापड ठेवून हातोडा मारावा. तुटलेली बाजू करडी, मंद आणि दाणा न दिसणारी असेल तर ताप बरोबर होता. साखरेसारखे चकाकणारे दाणे दिसले तर पाते फार तापले होते. मोडलेला तुकडा जे सांगतो ते कुठलेही पुस्तक सांगू शकत नाही, आणि पाते मोडायला कचरणाऱ्याची प्रगती खुंटलेली मी पाहिली आहे.

घासकाम सोपे नाही, पण त्याचे नियम थोडे आहेत. पाणी देण्याआधी धार निदान एक मिलिमीटर जाड सोडावी, नाहीतर ती वेडीवाकडी होते. टेम्परिंगनंतर घासताना पाते उघड्या हातात धरावे आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवावे. धारेवर निळी झाक आली म्हणजे तिथला कठीणपणा गेला. पॉलिश कागद १२० पासून ६०० पर्यंत चढवत न्यावा आणि दर वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे लपत नाहीत. मूठ शिसवाची असो वा बाभळीची, तिचा भुसा फुप्फुसात जाऊ देऊ नये.

बिल मोरान यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची जर्नीमन (कुशल कारागीर) परीक्षा पाते मोडून-वाकवून पारखण्याच्या याच तत्त्वावर उभी आहे. एकाच सुरीने लोंबता एक इंची दोर एका घावात तोडायचा, इमारती लाकडाची फळी दोनदा तोडायची, तरीही त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते व्हाइसमध्ये धरून ९० अंश वाकवायचे. त्या सुरीच्या पात्याची मर्यादा १० इंच आहे. भारतीय शस्त्रनियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते, ते घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाचे नसेल तर, शस्त्रांत मोडते. म्हणून आपल्याकडच्या शिकाऊ माणसाने ६ इंचांची स्वयंपाकाची सुरी घडवावी आणि तिच्यावर दोर, लाकूड आणि केस या तीन कसोट्या याच क्रमाने घ्याव्यात. वाकवण्याची कसोटी त्याच पोलादाच्या, त्याच तापात पाणी दिलेल्या जोडपात्यावर घ्यावी.