पायाला बांधलेले तेलाचे शिंग

१/ कुरणात गवत कापावयास उतरणाऱ्या रोमन मजुराच्या पायाला एके काळी एक पोकळ शिंग बांधलेले असे. त्यात तेल असे. ते तेल होते विळ्याला धार लावण्यासाठी! इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मृत्यू पावलेल्या थोरल्या प्लिनीने ही नोंद करून ठेवली आहे.

२/ त्याचे कारण निसण्याच्या दगडात होते. आरंभी इटलीत क्रीट बेटावरचे आणि समुद्रापलीकडचे निसणेच ठाऊक होते आणि ते तेलावाचून धार देत नसत. पुढे खुद्द इटलीत पाण्यावर चालणारा, लोखंडाला कानशीसारखा घासणारा दगड मिळाला. न्हाव्यांच्या दुकानांतला एक निसणा तर थुंकीवर चाले, असेही प्लिनी सांगतो.

३/ गवताचे एक वेळ ठीक. बोथट विळ्याने मजूर थकेल, इतकेच. द्राक्षवेलीचे तसे नव्हते. वेल वर्षानुवर्षे जगवायची असते आणि छाटणीचा प्रत्येक काप ही तिला झालेली जखम असते.

४/ प्लिनीचा समकालीन कोलुमेला याने शेतीवर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो बजावतो की छाटणीचे हत्यार कठीण, पातळ आणि अत्यंत धारदार हवे. मऊ पाते वाकते, जाड पाते श्रम वाढवते आणि बोथट पाते वेल कापण्याऐवजी फाडते. फाटलेल्या जागी ओल मुरते, वेल कुजते, जखम भरून येत नाही.

५/ त्याने वर्णिलेल्या छाटणीच्या कोयत्याला सहा भाग आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव! मुठीजवळची सरळ धार ती ‘सुरी’, वाकलेले टोक ती ‘चोच’, पाठीवरची चंद्रकोर ती ‘कुऱ्हाड’. मात्र कुऱ्हाडीने घाव घालण्यापेक्षा सुरी ओढून कापावे, असा त्याचा आग्रह आहे. ओढून घेतलेला काप गुळगुळीत येतो. पण त्यासाठी धार मुळात हवी.

६/ या वक्र सुरीचेच वंशज युरोपातील माळ्यांच्या हाती शतकानुशतके राहिले. मग १९ व्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये छाटणीची कात्री आली. तिचे जनकत्व दिले जाते बर्ट्रांड द मोलव्हिल यांना, म्हणजे सोळाव्या लुईच्या एका माजी नौदलमंत्र्याला. राज्यक्रांतीत परागंदा झालेल्या सरदाराकडून माळ्यांना हत्यार मिळावे, हा योगायोग मोठा गमतीचा.

७/ जुन्या माळ्यांनी तिला नाके मुरडली. कात्री फांदी चिरडते, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. तिचे एक पाते कापते, दुसरे फांदीला नुसते टेकू देते; त्या टेकूच्या बाजूची साल दबते. म्हणून कापणारे पाते वेलीवर राहणाऱ्या भागाकडे ठेवण्याची रीत पडली.

८/ नाशिकच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी याच जातीच्या कात्रीने होते. तिला धार लावताना उताराची बाजू तेवढी घासायची. सपाट बाजूवरची फक्त कोर काढायची. सपाट बाजू घासली गेली, तर दोन पात्यांत फट पडते आणि काडी कापली न जाता त्यात दुमडते. मग कोलुमेलाने सांगितलेली तीच फाटकी जखम वेलीवर उरते.